हायडलबर्गमध्ये बस्तान बसवताना

हायडलबर्ग विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मी 2024 च्या ऑक्टोबरमध्ये दाखल झाले, आणि पहिल्या काही आठवड्यांत भौतिकशास्त्रापेक्षा कागदपत्रांचाच अभ्यास अधिक झाला. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींना आता व्हिसापर्यंतची वाट जवळजवळ पाठ असते. कुठला कागद कुठून काढायचा, कुठल्या परीक्षेला किती गुण हवेत, हे आधी गेलेल्या कोणीतरी सांगितलेले असते. विमानातून उतरल्यानंतरचे मात्र 'होईल सगळे नीट, काळजी करू नकोस' एवढ्यावर आटोपते. ते सगळे नीट होते हे खरे आहे, पण कोणत्या क्रमाने होते आणि मध्ये कुठे अडते, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहीत आहे.

व्हिसापर्यंतचा भाग थोडक्यात सांगते. भारतीय पदव्यांची एपीएस नावाची पडताळणी 2022 च्या नोव्हेंबरपासून सक्तीची झाली आहे आणि ते प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय व्हिसाचे काम पुढे सरकत नाही. त्यानंतर एका वर्षाच्या खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात भरावी लागते. माझ्या वेळी ती नुकतीच वाढून 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो झाली होती. पैसे आपलेच असतात, पण ते दरमहा ठरलेल्या हप्त्यानेच हातात येतात, आणि तेही तिथे पोहोचून सगळी खाती सुरू झाल्यावर. जर्मनीत शिक्षण फुकट असते, असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. हायडलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 2017-18 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला 1500 युरो शुल्क घेतले जाते, शिवाय प्रत्येक सत्राची वर्गणी वेगळी. घरच्यांशी खर्चाचा हिशेब बोलताना हा आकडा आधीच सांगितलेला बरा.

गांधी जयंतीच्या दिवशी मी मुंबईहून निघाले आणि त्याच रात्री हायडलबर्गला पोहोचले. दुसऱ्या दिवशी 3 ऑक्टोबर, म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाची राष्ट्रीय सुटी. एका राष्ट्रीय सुटीतून निघून दुसऱ्या राष्ट्रीय सुटीत उतरण्याचा हा योग मला तिथे पोहोचल्यावरच कळला. तिथे सुटी म्हणजे दुकाने पूर्ण बंद. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्यालाही कोपऱ्यावरचा वाणी अर्धे शटर उघडे ठेवून दूध देतो. तसे काही नाही. स्टेशनातली दोन-चार दुकाने तेवढी सुरू असतात. त्यांतल्या एका बेकरीतून पाव आणि चीज घेतले आणि त्यावर तो दिवस काढला. नळाचे पाणी पिण्याजोगे असते हे माहीत होते, त्यामुळे पाण्याची चिंता नव्हती. संध्याकाळी जुन्या गावातल्या मुख्य रस्त्यावरून चालत गेले. त्याचा दीड-एक किलोमीटरचा भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे. वर टेकडीवर भग्न किल्ला, खाली नेकार नदी, आणि बाजूने सुटीला आलेल्या पर्यटकांची गर्दी. शहर सुंदर आहे यात शंका नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात मात्र उद्या कचेऱ्या किती वाजता उघडतात एवढेच होते.

आता क्रमाबद्दल. राहत्या पत्त्याची नोंद ही तिथल्या सगळ्या व्यवहारांची पहिली कडी आहे. तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि नव्या घरात आल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी, असा कायदा आहे. ती झाली की बँक खाते, करक्रमांक, राहण्याचा परवाना ही पुढची कामे मार्गी लागतात. नोंदणीसाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. म्हणजे प्रत्यक्षात पहिली कडी घराची. ऑक्टोबरमध्ये हायडलबर्गला घर मिळवणे सोपे नाही, कारण त्याच महिन्यात जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्र सुरू होते आणि गावातल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण फार मोठे आहे. विद्यार्थी वसतिगृहांसाठी मी प्रवेशपत्र आल्या दिवशीच अर्ज केला होता. उत्तर प्रतीक्षायादीचे आले. शेवटी एका विद्यार्थिनीची खोली ती परगावी असेपर्यंत पोटभाड्याने मिळाली. डोक्यावर छप्पर आले, पण त्या खोलीवर घरमालकाचा दाखला मिळणार नव्हता. थोडक्यात, मी राहत होते, पण माझा पत्ता नव्हता.

इथे फसवणुकीविषयी सांगायलाच हवे, कारण आपली मुले याच टप्प्यावर सापडतात. खोलीचे फोटो झकास, भाडे बाजारभावाच्या निम्मे, आणि मालक सध्या दुसऱ्या देशात कामानिमित्त राहतो म्हणून किल्ली कुरियरने पाठवतो. आधी फक्त अनामत भरा. अशी पत्रे मलाही आली आणि माझ्या वर्गातल्या जवळपास सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांना आली होती. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही, हा नियम मी पाळला. कायद्याने अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकीच घेता येते, आणि तीही तीन हप्त्यांत देण्याची मुभा असते. मूळ भाडे वेगळे आणि पाणी, उष्णता वगैरे धरून होणारे भाडे वेगळे. जाहिरातीतला आकडा यांतला कोणता हे आधी विचारून घ्यावे.

सामायिक घरातली खोली हवी असेल तर तिथे आधीपासून राहणारे लोक तुमची मुलाखत घेतात. मला हा प्रकार ऐकून माहीत होता, पण प्रत्यक्षात तो विद्यापीठाच्या प्रवेशापेक्षा अवघड निघाला. हांडशूसहाइम या उत्तरेकडच्या भागातल्या एका घरी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी तिघे बसले होते. भूगोल शिकणारी एक मुलगी, परिचारिकेचे शिक्षण घेणारा एक मुलगा, आणि प्रबंध लिहिणारा एक जरा मोठा गृहस्थ. फ्रिजवर पुठ्ठ्याचे एक गोल चक्र लावलेले होते; त्यावर न्हाणीघर, स्वयंपाकघर, जिना, कचरा अशी चार कामे लिहिलेली आणि कडेने कपड्यांच्या चिमट्यांवर माणसांची नावे. दर रविवारी चिमटे एक घर पुढे सरकवायचे. चौथ्या चिमट्यावरचे नाव खोडलेले होते.

'भांडी तू लगेच घासतेस की साठवून ठेवतेस?' मुलीने विचारले.

'आमच्याकडे रात्री सिंकमध्ये खरकटे राहिले तर आई झोपू देत नाही,' मी सांगितले.

यावर प्रबंधवाला पहिल्यांदा हसला. 'आणि आम्हांला काय आवडत नाही ते विचारणार नाहीस?'

मी विचारले. रात्री दहानंतरचा आवाज, न्हाणीघरातले केस, आणि कचरा चुकीच्या डब्यात टाकणे, अशी यादी मिळाली. कचऱ्याचे डबे त्यांनी मला तिथल्या तिथे दाखवले: कागदाचा वेगळा, वेष्टनांचा वेगळा, ओल्या कचऱ्याचा वेगळा आणि उरलेल्याचा वेगळा, काचेच्या बाटल्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या टाक्यांत, रंग पाहून, आणि तेही रविवारी नाही, कारण आवाज होतो. ज्या बाटल्यांवर अनामत घेतलेली असते त्या दुकानातल्या यंत्रात परत द्यायच्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीचे 25 सेंट मिळतात. माझे जर्मन पुण्यात गिरवलेले, दुसऱ्या पायरीपर्यंतचे. निम्मे संभाषण इंग्रजीत झाले. निघताना मुलगी म्हणाली, 'आम्ही आणखी काही जणांना भेटणार आहोत, मग कळवू.' वधूपरीक्षेनंतर ऐकायला मिळते तेच वाक्य. चार दिवसांनी होकार आला.

घरमालकीण तळमजल्यावरच राहत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या, आणि प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालणाऱ्या. त्यांनी दाखल्यावर सही केली आणि मग पत्रपेटीवर माझे नाव लावायला घेतले. तिथे घराला क्रमांक असतो, फ्लॅटला बहुधा नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचे नाव पाहून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि सरकार, विमा कंपनी, बँक यांचे सगळे महत्त्वाचे व्यवहार पत्राने चालतात. पासपोर्टमध्ये माझ्या नावाच्या रकान्यात माझे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे एकापुढे एक आहेत, बहुतेक मराठी माणसांची असतात तशी. मालकीणबाईंनी चष्मा वर करून विचारले, 'यांतल्या तुम्ही कोण?' पट्टीवर तीन नावे मावत नव्हती. शेवटी आद्याक्षर आणि आडनाव यांवर तडजोड झाली. विमा कंपनीचे पहिले पत्र मात्र बाबांच्या नावाने आणि 'श्रीयुत' लावून आले. पोस्टमनला आडनावाशी मतलब, त्यामुळे ते पोहोचले.

नोंदणीची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, आणि पुढच्या आठवड्यांत एकही वेळ मोकळी दिसत नसते. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडले की रद्द झालेल्या वेळा दिसतात, ही युक्ती भूगोलवालीने सांगितली आणि ती लागू पडली. प्रत्यक्ष काम पंधरा मिनिटांचे. समोरच्या बाईंनी पासपोर्ट, दाखला आणि अर्ज पाहिला, आणि एका रकान्यावर पेन थांबवून विचारले, 'धर्म? कॅथलिक की प्रोटेस्टंट?'

'दोन्ही नाही.'

'मग काही नाही,' असे म्हणून त्यांनी रकाना पुढे ढकलला.

या प्रश्नामागचे कारण कराचे आहे. चर्चचा कर तिथे सरकारच गोळा करते, आणि या राज्यात तो आयकराच्या 8 टक्के असतो. म्हणून त्या चर्चचे सदस्य कोण, एवढेच सरकारला हवे असते. जेजुरीचा खंडोबा कुलदैवत असलेल्या घरातली मी सरकारदरबारी 'काही नाही' म्हणून नोंदले गेले. त्याचे मला वाईट मुळीच वाटले नाही, पण आईला फोनवर सांगितले तेव्हा ती काही क्षण बोलली नाही.

नोंदणीचा कागद यंत्रातून गरम गरम बाहेर आला आणि हातात मिळाला. आपल्याकडे सरकारी कचेरीत जायचे म्हटले की आधी तिथे कोणी ओळखीचे आहे का, याची चाचपणी होते. मीही हायडलबर्गमधल्या जुन्या मराठी विद्यार्थ्यांना तेच विचारत होते, आणि ते हसत होते. तिथे वशिल्याची गरज पडत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: एक कागद कमी असेल तर कितीही अजीजी करा, लांबून आल्याचे सांगा, डोळ्यांत पाणी आणा, समोरचा माणूस सौजन्याने पुढच्या तारखेचा मार्ग दाखवतो. माझ्यापुढच्या रांगेतल्या एका मुलाच्या दाखल्यावर घरमालकाची सही होती पण राहायला आल्याची तारीख नव्हती. तो परत गेला. मालकाला फोन लावून देतो म्हणाला, तरी परत गेला. या दोन गोष्टी एकाच स्वभावाच्या आहेत आणि त्यांतली एकच आपल्याला मिळावी, अशी अपेक्षा करता येत नाही, हे मला त्या रांगेत उमगले.

त्यानंतरच्या कड्या भराभर जुळल्या. बँकेने माझी ओळख व्हिडिओवरून पटवून घेण्याचे नाकारले, कारण त्या पद्धतीत भारतीय पासपोर्ट चालत नव्हता. मग पोस्टाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून ते झाले. खाते सुरू झाल्यावर गोठवलेल्या खात्यातला पहिला हप्ता जमा झाला. तोवर भारतातून आणलेल्या कार्डावर आणि रोख युरोंवर भागवले. पहिल्या महिन्याचे भाडे, अनामत आणि किराणा धरून जवळ पुरेशी रक्कम असल्याशिवाय निघू नये, हे मी आता सगळ्यांना आवर्जून सांगते. आरोग्य विमा सक्तीचा असतो. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना सरकारी योजनेत तो त्या वेळी महिन्याला सव्वाशे युरोंच्या आसपास पडत होता, आणि विमा कंपनी तुमची माहिती परस्पर विद्यापीठाला कळवते. करक्रमांक अकरा आकड्यांचा असतो, तो न मागता पत्राने आला. त्याच सुमारास आकाशवाणी-दूरदर्शनच्या शुल्काचे पत्रही आले. घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराने महिन्याला 18.36 युरो द्यायचे. हे शुल्क माणसामागे नसून घरामागे असते, म्हणून आमच्यातला एक भरतो आणि बाकीचे तिघे त्याला आपला वाटा देतात. प्रवासाचे मात्र स्वस्तात झाले. त्या वर्षी देशभरच्या ट्राम, बस आणि लोकल गाड्यांचा मासिक पास 49 युरोंना होता, आणि आमच्या राज्यात 27 वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना तोच पास वर्षाला 365 युरोंत मिळत होता.

ऑक्टोबरच्या मध्याला व्याख्याने सुरू झाली. सैद्धांतिक भौतिकशास्त्राची संस्था नदीपलीकडच्या चढावर, फिलॉसॉफेनवेग नावाच्या रस्त्यावर, जुन्या बंगल्यांत आहे. खालून वर चढताना पहिल्या दिवशी दम लागला. वेळापत्रकात सव्वानऊ हा आकडा कुठेच नसतो. नऊ लिहिलेले असते आणि व्याख्यान सव्वानऊला सुरू होते, कारण विद्यापीठात पहिली पंधरा मिनिटे रिवाजानेच सोडलेली असतात. पण सव्वानऊ म्हणजे सव्वानऊ. व्याख्यान संपले की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. हजेरी कोणी घेत नाही. पुण्यात हजेरीच्या टक्केवारीवर आणि जर्नलवरच्या सह्यांवर तीन वर्षे काढलेल्या मला हे मोकळेपण आधी फार सुखाचे वाटले.

ते सुख पहिल्या सरावपत्रापर्यंत टिकले. दर आठवड्याला प्रत्येक विषयाचे एक सरावपत्र मिळते. त्यात तीन-चार प्रश्न, पण एकेक प्रश्न रात्र खाणारा. उत्तरे दोघांच्या जोडीने लिहून द्यायची, शिकवणी गटाचा मार्गदर्शक ती तपासतो, आणि सत्रभरातल्या एकूण गुणांपैकी ठरावीक वाटा, माझ्या विषयांत निम्मा, मिळवल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे हजेरीला न विचारणारे विद्यापीठ दर आठवड्याला कसून हिशेब मागते. माझी जोडीदारीण माइन नदीकाठच्या एका गावातली होती आणि तिला प्रत्येक पायरी लिहून काढायची शिस्त होती. मला गणित जमते, पण आपल्याकडे परीक्षेत वेळ वाचवण्याची जी सवय हाताला लागते, तिच्यामुळे मी दोन ओळी गाळून थेट उत्तरावर उडी मारत असे.

गटात मार्गदर्शक एकेकाला फळ्यापाशी बोलावतो. माझी पाळी आली तेव्हा मी समाकलन सोडवून उत्तर काढले आणि खडू ठेवला.

'उत्तर बरोबर आहे,' तो म्हणाला. 'पण तिसऱ्या ओळीत तू सीमा (लिमिट) आणि समाकल (इंटिग्रल) यांचा क्रम बदललास. तो इथे का बदलता येतो?'

मी सांगितले की सगळ्या पुस्तकांत तसेच करतात. तो शांतपणे वाट पाहत राहिला. मागून एकाने अट सांगितली, मी ती फळ्यावर लिहिली, आणि मग ती अट या फलनाला लागू का पडते यावर दहा मिनिटे चर्चा झाली. कोणी हसले नाही, कोणी कौतुकही केले नाही. त्या दहा मिनिटांत मला कचेरीतल्या त्या तारीख नसलेल्या दाखल्याची आठवण झाली. उत्तर काय आहे हे सगळ्यांना दिसत असते, तरी मधली ओळ कागदावर असावीच लागते. हा एकच स्वभाव दोन्ही ठिकाणी आहे, असे माझे मत झाले आणि ते अजून बदललेले नाही. या स्वभावाचा मला कधीकधी वैताग येतो, हेही खरे. पण भौतिकशास्त्र शिकायला तो सोयीचा आहे.

गावात या शास्त्राचा इतिहासही पायांखाली असतो. मुख्य रस्त्यावर रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनचा पुतळा आहे. त्याने आणि भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफने इथेच ज्वाळेतल्या रंगरेषांवरून मूलद्रव्य ओळखण्याची पद्धत बसवली आणि तिच्या आधारे 1860 मध्ये सीझियम आणि 1861 मध्ये रुबिडियम शोधले. आज याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सर्वांत कमी शक्य तापमानाच्या, अगदी जवळ नेऊन प्रयोग चालतात. शाळेत बुन्सेन बर्नर पेटवताना त्याचे आडनाव ज्याचे आहे तो माणूस कोण, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

दुसरा दुवा अनपेक्षित होता. बेर्गहाइम भागात विद्यापीठाचे आशियाविषयक अभ्यासकेंद्र आहे. 1962 मध्ये स्थापन झालेली दक्षिण आशिया संस्था आता तिथेच असते. खंडोबाच्या आणि धनगरांच्या परंपरांचा आयुष्यभर अभ्यास केलेले गुंथर सोनथायमर याच संस्थेत होते. 1992 मध्ये ते वारले. एका शनिवारी मी तिथल्या ग्रंथालयात शिरले. माझ्या विद्यार्थीपत्रावर प्रवेश मिळाला, कोणी विषय विचारला नाही. मराठी पुस्तकांच्या रांगेपाशी उभी राहून ओव्यांचा एक संग्रह चाळला. ज्या गावच्या नोंदवहीत माझ्या कुलदैवताला रकाना नाही, त्याच गावात त्या दैवताचा एवढा बारकाईने विचार करणारा माणूस होऊन गेला, याची मला गंमत वाटली, आणि ते मी आईला लगेच कळवले. या वेळी ती खूप वेळ बोलली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात. भारताशी असलेले साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे होते, आणि पाचच्या सुमारास अंधारायला लागते. बाबा रात्री दहाला झोपतात. म्हणजे माझ्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत फोन व्हायला हवा. सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांना तो आठवडा जड जातो. त्याच आठवड्यात दिवाळी आली. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होते, आणि त्या दिवशी सर्व संतांच्या सणाची सुटी या राज्यात असते, त्यामुळे दिवाळीला मला आपोआप सुटी मिळाली. तोवर मी शहाणी झालेली असल्यामुळे सामान आदल्या दिवशीच भरून ठेवले होते. आशियाई दुकानात पातळ पोहे मिळाले, डाळे मिळाले, कढीपत्ता सुकलेला मिळाला. चिवडा केला. फोडणीच्या वेळी खिडकी सताड उघडून, स्वयंपाकघराचे दार बंद करून, वर धूर कळवणाऱ्या यंत्राकडे डोळे लावून तेल तापवणे ही एक वेगळीच कसरत आहे. परिचारकाने दोन वाट्या चिवडा उभ्याउभ्या संपवला आणि यात नेमके काय काय आहे ते लिहून दे म्हणाला. कुकरची शिट्टी मात्र त्यांना अजून सहन होत नाही. रात्री दहानंतर डाळ शिजवायची नाही, असा एक नियम माझ्यामुळे चक्राशेजारच्या कागदावर वाढला आहे. पोळ्यांसाठी 1050 क्रमांकाचे गव्हाचे पीठ चालते. 405 क्रमांकाचे आणले तर मैद्याची पोळी होते.

राहण्याचा परवाना सगळ्यांत शेवटी आला. माझा व्हिसा काही महिन्यांचाच होता आणि तो संपण्याआधी परवान्यासाठी अर्ज करणे आवश्यक होते. ईमेल केला की स्वयंचलित उत्तर येते, आणि मग बराच काळ काही येत नाही. या काळात माझ्या वर्गातले काहीजण हवालदिल झाले. अर्ज वेळेत केलेला असला की निर्णय होईपर्यंत राहण्याचा हक्क टिकतो आणि त्याचा तात्पुरता कागद मागता येतो, हे मला मार्गदर्शन कक्षातल्या एका बाईंनी सांगितले होते, त्यामुळे मी अर्ज केल्याचा पुरावा छापून दप्तरात ठेवला आणि सरावपत्रांना लागले. डिसेंबरमध्ये भेटीची तारीख आली. पासपोर्ट, 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो, विम्याचे पत्र, विद्यापीठाचा दाखला, भाडेकरार, गोठवलेल्या खात्याचा उतारा आणि 100 युरो. मालकीणबाईंकडून शिकून मी प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात घातला होता.

समोरच्या अधिकाऱ्यांनी पाकिटे एकेक करून काढली, बोटांचे ठसे घेतले, आणि पडद्यावर माझे नाव वाचून दाखवले, वडिलांच्या नावासकट. बरोबर आहे का, असे विचारले. मी होय म्हणाले.

'कार्ड काही आठवड्यांत तयार होईल,' ते म्हणाले. 'मुदत वाढवायला याल तेव्हा किती विषय उत्तीर्ण झालात त्याचा उतारा आणा. अभ्यास पुढे सरकतो आहे, हे आम्हांला दिसावे लागते.'

पहिली परीक्षा फेब्रुवारीत होती. तिला बसण्यासाठी लागणारे निम्मे गुण पुरे व्हायला अजून तीन सरावपत्रे बाकी होती, आणि त्यांतले एक दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे होते. मी बिस्मार्कप्लाट्झला ट्राम बदलून थेट जोडीदारिणीकडे गेले.